मांडवीत नांगरलेल्या बोटीवरचे कंपोस्टिंग टॉयलेट : एक प्रकरण अभ्यास

प्रस्तुत प्रकरण एका शिडाच्या बोटीचे आहे. बोट सुमारे साडेदहा मीटर लांबीची असून तिच्यावर कायम राहणारी माणसे दोन : नोकरीतून निवृत्त झालेले पुण्याचे एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी, ज्यांचे माहेर फोंडा तालुक्यात आहे. पावसाळा ओसरला की हे दांपत्य मालवण ते कारवार या पट्ट्यात फिरते आणि हंगामातला बराच काळ पणजीच्या समोर, बेती-वेऱ्याच्या बाजूला मांडवीत नांगर टाकून राहते. बोटीवरचे पंपाचे जुने संडास काढून त्यांनी तेथे मूत्र आणि विष्ठा वेगवेगळी ठेवणारे कोरडे शौचालय बसवले, जे बाजारात कंपोस्टिंग टॉयलेट या नावाने मिळते. ते बसवण्याच्या कामात आणि नंतरच्या अडचणींच्या शोधात मी त्यांच्या सोबत होतो. त्यांच्या परवानगीने आणि नावे न देता ही नोंद लिहिली आहे.

जुनी व्यवस्था बहुतेक बोटींवर असते तशीच होती. हातपंपाने समुद्राचे पाणी भांड्यात घ्यायचे आणि त्याच पंपाने मैला बाहेर किंवा चाळीस लिटरच्या टाकीत ढकलायचा. खारे पाणी आणि मूत्र एकत्र आले की नळीच्या आतून क्षारांचा कठीण थर धरतो, नळी अरुंद होत जाते आणि एक दिवस पंप अडतो. शिवाय समुद्राच्या पाण्यातील सल्फेटवर हवेविना जगणारे जिवाणू काम करू लागतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास सगळ्या बोटीत भरतो. हा त्रास त्यांनी सोसलाही असता. पण टाकी तीन-चार दिवसांत भरत असे आणि नांगरलेल्या बोटीवरची टाकी उपसून नेणारी कोणतीही सोय त्यांना मांडवीत मिळाली नाही. मग उरतो तो नदीत सोडण्याचा मार्ग, आणि तो त्यांना मान्य नव्हता.

या नकारामागे केवळ सोवळेपणा नव्हता. मांडवी आणि जुवारी या नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात, परंतु नोव्हेंबरपासून मेपर्यंत वरून येणारे गोडे पाणी अगदी क्षीण होते आणि नदीच्या मुखाकडील भागात जी हालचाल दिसते ती मुख्यतः भरती-ओहोटीची असते. त्यामुळे ओहोटीला सोडलेली घाण समुद्राकडे जाते आणि तिच्यातला काही भाग पुढच्या भरतीला परत येतो. बोटी फिरवण्याचा हंगाम आणि नदीच्या प्रवाहाचा सर्वांत मंद काळ नेमका एकच आहे. याच काळात लोक उथळ पाण्यात उतरून तिसऱ्या आणि कालवे हे शिंपल्यांतले जीव काढतात. हे जीव पाणी गाळून अन्न घेतात, त्यामुळे पाण्यातील रोगजंतू त्यांच्या शरीरात साठत जातात आणि पुढे ते ताटात येतात. कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. जहाजांमुळे होणारे समुद्राचे प्रदूषण रोखण्यासाठी झालेल्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराचे मैलापाण्याविषयीचे चौथे परिशिष्ट ४०० ग्रॉस टनेज किंवा त्याहून मोठ्या, अथवा पंधरापेक्षा अधिक माणसे नेण्यास प्रमाणित असलेल्या जहाजांना लागू होते आणि प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या पलीकडेच सोडू देते. इतक्या लहान बोटीवर ते बंधन येत नाही. मात्र नदी दूषित करण्यास मनाई करणारा १९७४ चा जलप्रदूषण कायदा बोटीचा आकार विचारत नाही. या दांपत्याने बारा मैलांची मर्यादा स्वतःहून पाळायचे ठरवले.

नव्या शौचालयाची रचना साधी आहे. बैठकीच्या पुढच्या भागात पडलेले मूत्र उताराने आठ लिटरच्या बाटलीत जाते आणि मागच्या भागातली विष्ठा झडप उघडल्यावर खालच्या डब्यात पडते. डब्यात आधीच ओलसर केलेला नारळाच्या सोडणाचा भुसा, म्हणजे कोकोपीट, भरलेला असतो आणि बाहेरचा दांडा फिरवून तो ढवळता येतो. डब्यातली हवा बारा व्होल्टचा छोटा पंखा नळीवाटे डेकवर सोडतो. तो दिवसरात्र चालला तरी बॅटरीतून सुमारे अडीच अँपिअर-तासच घेतो. सगळ्या यंत्रणेचा आधार वेगळे ठेवण्यावर आहे. विष्ठेतील जिवाणूंमध्ये युरिएज नावाचे विकर (एन्झाइम) असते. ते मूत्रातील युरियाला भेटले की अमोनिया सुटतो, आणि ज्याला आपण संडासाचा वास म्हणतो त्याचा मोठा भाग तोच असतो. मूत्र बाजूला गेले आणि डबा कोरडा राहिला तर भुशाला केवळ मातकट वास येतो.

पहिली अडचण येथेच आली, आणि ती यंत्राची नसून आपल्या सवयीची होती. ही शौचालये कागद वापरणाऱ्यांनी कागद वापरणाऱ्यांसाठी घडवलेली आहेत. आपण पाणी वापरतो. सुरुवातीला दोघांनी बैठकीवरच बसून अगदी थोडे पाणी घेण्याचा प्रयत्न केला, पण थोडे म्हणता म्हणता ते पाणी रोज डब्यात जात राहिले. मी डबा उघडून पाहिला तेव्हा भुसा काळा आणि चकचकीत झालेला होता, दांडा फिरवताना चिखलात वल्हे अडकावे तसा अडत होता आणि झाकण उचलताच डोळ्यांत पाणी येत होते. केवळ कागदावर राहण्याचा पर्याय बाईंनी ठामपणे नाकारला, आणि माझ्या मते त्यांचेच बरोबर होते. स्वच्छतेची जी रीत माणसाला मनापासून पटत नाही ती बोटीवर महिनाभरही टिकत नाही. कागद डब्यात लवकर कुजतही नाही आणि डबा वेळेआधी भरतो, हा भाग वेगळाच.

यावर उपाय आपल्याच देशात आधी सापडलेला आहे. केरळच्या किनारपट्टीवर आणि तमिळनाडूत मुसिरीच्या परिसरात बांधलेल्या कोरड्या इकोसॅन संडासांत विष्ठा, मूत्र आणि धुण्याचे पाणी यांसाठी तीन स्वतंत्र जागा ठेवलेल्या असतात. शौचानंतर माणूस थोडा सरकून दुसरीकडे धुतो. बोटीवर शौचालयाला लागूनच स्नानाचा खोलगट तळ होता. तेथे हँड शॉवर बसवला, तळाचे पाणी खेचणारा पंप जुन्या मैल्याच्या टाकीला जोडला, आणि चाळीस लिटरची तीच टाकी आता फक्त या पाण्यासाठी ठेवली. स्नान तेथे बंद करून ते मागच्या उघड्या डेकवर नेले. आधी एक कागद, तो झाकणाच्या वेगळ्या डब्यात. मग सरकून बेताचे पाणी. या पद्धतीने टाकी दोघांना साधारण दोन आठवडे पुरते. हे पाणी दिसायला कितीही स्वच्छ असले तरी ते मैलापाणीच आहे, याबद्दल त्यांच्या मनात गोंधळ राहू नये म्हणून टाकीच्या झडपेला कुलूप लावले असून नदीत असेपर्यंत ती उघडली जात नाही. कारवार किंवा मालवणच्या फेरीत बोट बारा मैलांच्या, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरच्या पलीकडे नेऊन टाकी रिकामी करतात. तशी फेरी नसेल तेव्हा ते पाणी कॅनमध्ये भरून माहेरच्या घराच्या सेप्टिक टँकमध्ये जाते.

डबा कोरडा झाला आणि वास गेला; पण पूर्ण गेला नाही. काही दुपारी तो अचानक येई आणि संध्याकाळपर्यंत नाहीसा होई. भुसा तपासला तर मुठीत घट्ट दाबूनही पाणी ठिबकत नव्हते आणि मूठ उघडताच गोळा भुरभुरत होता, म्हणजे ओलावा योग्य होता. पंखा चालू होता. एका दुपारी येणारा वास दुसऱ्या दुपारी का येत नाही, हे कळत नव्हते. बाईंनी वासाच्या वेळा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली आणि त्या वेळा रोज पाऊणएक तासाने पुढे सरकताना दिसल्या. इतके दिसल्यावर भरती-ओहोटीचे कोष्टक काढणे ओघाने आले. वास फक्त दुपारच्या ओहोटीला येत होता, उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीच्या दिवसांत अधिक आणि भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत जवळजवळ नाही.

कारण असे की नांगरावरची बोट सहसा वाऱ्याकडे नाळ, म्हणजे पुढचे टोक, करून राहते, आणि तसे गृहीत धरूनच डेकवरच्या वायुनळीचे तोंड पिछाडीकडे वळवलेले होते, जेणेकरून वारा पाठीमागून जाताना नळीतली हवा ओढून घेईल. परंतु नदीत वाऱ्याबरोबर प्रवाहाचाही हुकूम चालतो. दुपारी समुद्रावरून खारे वारे पश्चिमेकडून नदीत शिरतात. भरतीचे पाणीही पश्चिमेकडूनच येते, त्यामुळे त्या वेळी सगळे जुळते. ओहोटी लागली की मात्र प्रवाह पूर्वेकडून येतो, बोटीची नाळ पुलांच्या दिशेने फिरते आणि वारा थेट पिछाडीवर, म्हणजे नळीच्या तोंडात घुसतो. छोट्या पंख्याची ताकद त्यापुढे काहीच नाही. डब्यातली हवा उलटी फिरून खोलीत येते. उधाणाला प्रवाह जोरकस असतो म्हणून बोट त्याचे ऐकते, भांगाला तो मंद असतो म्हणून ती वाऱ्याचे ऐकते. नळीवरची एका दिशेची टोपी काढून चारही बाजूंनी उघडी असलेली छत्रीसारखी टोपी बसवली आणि ही तक्रार संपली. उघड्या समुद्रात फिरणाऱ्यांसाठी लिहिलेल्या सूचनांत हा मुद्दा सहसा सापडत नाही. आपल्या खाड्यांत आणि नद्यांत नांगर टाकणाऱ्या प्रत्येकाने तो आधीच लक्षात घ्यावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. टोपीच्या आतली बारीक जाळीही पंधरवड्याला धुवावी लागते, कारण खाऱ्या वाऱ्यात तिच्यावर मिठाचे आणि धुळीचे पापुद्रे धरतात आणि पंखा नुसताच गुणगुणत राहतो.

बैठक कोणत्या दिशेने बसवावी हा प्रश्न लहान, पण चुकला तर महागात पडणारा आहे. शिडावर चालणारी बोट एका अंगाला कलते. माणसाची पाठ ज्या बाजूला, त्या बाजूला बोट कलली तर मूत्र मागे वाहून डब्यात शिरते. म्हणून बसणाऱ्याचे तोंड नाळेकडे किंवा पिछाडीकडेच ठेवले.

मूत्राची बाटली दोघांना अडीच-तीन दिवस पुरते आणि ती दोन तृतीयांश भरली की रिकामी करण्याचा नियम आहे, कारण पूर्ण भरलेली बाटली लाटांत सांडते आणि ती स्वच्छ करण्याचा अनुभव कोणालाही नको. रिकामी केल्यावर तिच्या तळाशी माडाच्या सुरेचे थोडे व्हिनेगर घालतात, जे गोव्यात वाण्याकडेही मिळते. आम्लतेमुळे युरियाचे विघटन मंदावते, वास कमी राहतो आणि बाटलीच्या आत पांढरा क्षार धरत नाही. चिलटे एकदाच झाली, ती न चाळलेल्या भुशातून आली असावीत. तेव्हापासून भुसा उन्हात कडक वाळवून बंद पिशवीत ठेवला जातो. बाजारातली ६५० ग्रॅमची वीट फुगून आठ-नऊ लिटर होते. ती भिजवताना वेष्टनावर सांगितलेल्यापेक्षा पाणी कमीच घ्यावे लागते, कारण गोव्याची दमट हवा उरलेला ओलावा स्वतःच पुरवते.

व्यवस्थेची खरी परीक्षा पाहुणा आला तेव्हा झाली. मालवणहून परतताना सोबत आलेल्या नातेवाइकाला वाटेत जुलाब सुरू झाले. कोरड्या शौचालयाला सर्वांत न सोसणारी गोष्ट हीच. काही तासांत डब्यातला भुसा पातळ झाला, आणि बोट समुद्रात असल्यामुळे तो बाहेर काढून दुसरीकडे ठेवण्याची सोयही नव्हती. सुदैवाने जास्तीचा डबा घेतलेला होता. भिजलेल्या डब्यात कोरडा भुसा आणि वर चुन्याचा थर टाकून घट्ट झाकण लावले, तो मागच्या कप्प्यात दोरीने बांधला आणि नवा डबा बसवला. आजारी माणसासाठी पुढे स्वतंत्र बादलीत जाड पिशवी आणि भुसा वापरला. हा ऐवज खतात घातला नाही. फोंड्याला नेऊन खोल खड्ड्यात चुन्यासह पुरला. दुसरा डबा महाग पडतो म्हणून अनेक जण तो टाळतात, परंतु दोन डब्यांखेरीज ही व्यवस्था समुद्रात नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत या प्रसंगाने झाले.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. डबा तीन-चार आठवड्यांत भरतो आणि तेव्हा त्यात जे असते ते खत नव्हे. ढिगातली उष्णता ५५ अंशांच्या वर जाऊन रोगजंतू मरायचे असतील तर साधारण घनमीटरभर माल एकत्र लागतो. वीस लिटरच्या डब्यात ती उष्णता कधीच धरत नाही. बोटीवर होते ते सुकणे आणि कुजण्याची सुरुवात. जंतांची अंडी या अवस्थेत शाबूत असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार २० ते ३५ अंश तापमानात असा माल एक वर्षाहून अधिक काळ साठवून मगच जमिनीत घालावा, आणि गोव्याचे हवामान नेमके याच पट्ट्यात बसते. म्हणजे बोटीवरचे शौचालय ही अर्धी व्यवस्था आहे. उरलेली अर्धी जमिनीवर असावी लागते, आणि ती नसेल तर डबा घेऊन जायचे कोठे हा प्रश्न जुन्या टाकीइतकाच अवघड होतो.

धक्क्यावर एका तरुणाने पैसे घेऊन डबा रिकामा करून आणण्याची तयारी दाखवली होती. दांपत्याने त्याला नम्रपणे नकार दिला. हाताने मैला उचलण्याच्या कामावर माणसे नेमण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे, आणि कायदा नसता तरी आपला मैला दुसऱ्याच्या हाती देण्याचा इतिहास आपल्या समाजाला चांगला ठाऊक आहे. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्तीच्या कामाबरोबर सोनखताचेही प्रयोग केले, त्यामागचा विचार हाच होता की ज्याचा मैला त्याने तो हाताळण्याजोगा करावा आणि त्याचे सोने करावे. या बोटीवर डबा नेण्याचे काम दोघे आळीपाळीने करतात. झाकण पट्ट्याने आवळून तो छोट्या होडीतून किनाऱ्यावर आणि तेथून गाडीने फोंड्याला जातो. हातमोजे, साबण आणि डबा धुण्यासाठी वेगळा ब्रश गाडीत कायम असतो.

माहेरच्या कुळागरात, म्हणजे माड-पोफळींच्या बागेत, जागा मिळणे सोपे गेले नाही. बाईंचे भाऊ तेथे राहतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, माडांना घालायला माझी ना नाही. पण विहिरीच्या वरच्या अंगाला हे ड्रम मी ठेवू देणार नाही." त्यांची हरकत पूर्णपणे रास्त होती. जांभा दगड सच्छिद्र असतो. त्याच्या भेगांतून पाणी फार वेगाने खाली उतरते, आणि पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात जमिनीवर ठेवलेला कोणताही ऐवज विहिरीपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही. म्हणून विहिरीच्या खालच्या अंगाला, तिच्यापासून दूर, चिऱ्यांचा उंचवटा बांधून त्यावर सिमेंटचा गिलावा केला, वर पत्र्याचे छप्पर घातले आणि दोनशे लिटरचे झाकणवाले दोन ड्रम ठेवले. ड्रमच्या वरच्या अंगाला जाळी लावलेली भोके आहेत. बोटीवरचा प्रत्येक डबा ओतल्यावर त्यावर पोफळीचा वाळलेला पाला कातरून घातला जातो, ज्यामुळे नायट्रोजनाच्या मानाने कमी पडणारा कार्बन मिळतो.

दोन ड्रमांचे गणित पावसाळ्यामुळे छान जमते. पहिला ड्रम ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंतच्या एका हंगामात भरतो आणि बंद होतो. पुढच्या हंगामात दुसरा भरतो. त्यानंतरच्या ऑक्टोबरमध्ये पहिला उघडायची वेळ येते तेव्हा तो सोळा महिने बंद राहिलेला असतो, म्हणजे वर्षाची अट पाळून वर चार महिने हाताशी राहतात. प्रत्येक ड्रमवर बंद केल्याची तारीख रंगाने लिहिलेली आहे. पहिल्या ड्रममधून निघाले ते गडद, मोकळे आणि वास नसलेले होते, आणि तो उघडताना भाऊ स्वतः फावडे घेऊन आले. ते माडांच्या आळ्यांत, म्हणजे बुंध्याभोवतीच्या खळग्यांत, मातीखाली घातले. भाजीच्या वाफ्यांत ते घालायचे नाही हे घरात सर्वांनी मान्य केले आहे. मूत्र दहापट पाण्यात मिसळून तेही माडांनाच जाते. त्यातल्या मिठाची धास्ती घेण्याचे कारण नाही : माडाला क्लोराइड लागते, आणि आळ्यात मीठ टाकण्याची रीत कोकणात जुनीच आहे.

मेअखेरीस बोट पाण्याबाहेर काढली जाते तेव्हा शौचालय पूर्ण सोडवून ठेवतात. चार महिन्यांच्या दमट हवेत आत राहिलेल्या मूठभर भुशावरही बुरशी धरते, म्हणून डबे धुऊन उन्हात वाळवायचे ते पहिल्या पावसाच्या आधी. पंखा काढून कोरड्या डब्यात बंद करतात, त्याच्या वायरींची टोके कापून हंगामाच्या सुरुवातीला नवी जोडतात, कारण खाऱ्या हवेत तांबे हिरवे पडते आणि पंखा बिघडला असे वाटते तेव्हा बहुधा जोडच गेलेला असतो. रबरी कड्यांना सिलिकॉनचे ग्रीस लावले जाते. जास्तीचा एक पंखा बोटीवर कायम असतो.

या दांपत्याचे जमले, त्यात फोंड्याच्या कुळागराचा वाटा शौचालयाच्या किमतीपेक्षा मोठा आहे. मांडवीत त्यांच्या शेजारी नांगर टाकणाऱ्या एका बोटीचे मालक हेच शौचालय घ्यायच्या विचारात होते. त्यांचे गोव्यात कोणी नाही आणि किनाऱ्यावर हातभर जागाही नाही. त्यांना आम्ही सध्या ते घेऊ नका असे सांगितले, आणि आहे ती टाकी मोठी करून बारा मैलांच्या पलीकडे रिकामी करण्याचा मार्ग सुचवला. बाईंच्या भावाने मात्र त्यांच्यासाठी तिसरा ड्रम ठेवण्याची तयारी दाखवली आहे. उंचवटा वाढवायला लागणारे चिरे आणि सिमेंट त्या मालकांनी आणायचे, आणि डबा त्यांनी स्वतः घेऊन यायचा, एवढ्या दोन अटींवर.